दोन फ्लॉप्यांची पूजा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपुरात एम.एस्सी.च्या पोरांना संगणक शिकवायचो. माहिती सांभाळायची कशी, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता; मीच हौसेनं घुसडला होता. पहिल्याच तासाला पोरं हसली. "सर, इथी चोरायले कोण येते?" चोर राहू द्या, मी म्हणालो, उंदीर, ओल आणि तुमचा विसरभोळेपणा पुरेसा आहे. दुसऱ्याची गोष्ट उघडी टाकू नका आणि फ्लॉपीची एक नक्कल घरी ठेवा, हे मी इतकं घोकवलं, की पोरं पाठीमागे मला 'नक्कल सर' म्हणू लागली.

मनावर घेतलं ते एकाच मुलीनं. ती जिवतीकडची. गावोगाव फिरून तिनं प्रबंधासाठी सिकलसेलची माहिती जमवली होती: हा रक्ताचा आजार कुणाच्या घरात आहे, कुणाची लेकरं त्यानं गेली. बाहेर फुटलं तर पोरींची लग्नं अडतात, म्हणून बायांनी वचन घेऊनच तोंड उघडलं होतं. ही माहिती दाखवून तिकडे रक्ततपासणी सुरू करून घ्यायची, हा तिचा ध्यास. सगळं टाईप झाल्यावर तिनं कच्चे कागद चुलीत घातले. एक फ्लॉपी प्रयोगशाळेत, दुसरी घरी. मला केवढा अभिमान वाटला तिचा!

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असे. मी पोहोचलो तोवर आरती आटोपली होती. संगणकाला झेंडूचा हार आणि पुढ्यात, म्यानातून तलवार काढावी तशा पाकिटातून काढलेल्या तिच्या दोन्ही फ्लॉप्या. ओलं हळदकुंकू नेमकं आतली चकती उघडी दिसते त्या खाचेवर, वरून पाणी शिंपडलेलं.

"अगं, दुसरी घरी ठेवायची होती ना?"

"सर, एकीची पूजा करायची अन् दुसरीले घरी ठेवायचं, हे बरं दिसते काय?"

मी फ्लॉप्या उचलल्या. पुसून पाहिलं, वाळवून पाहिलं. यंत्र नुसतं करकरत राहिलं. दोन्ही गेल्या.

"पुन्हा जा, पुन्हा विचार," मी म्हणालो.

"त्या बायांनं रडून सांगितलं होतं, सर. आता कोणत्या तोंडानं जाऊ? तुमी सांगितलं ते माह्याकडून हारपलं म्हणू?"

ती गेली नाही. धानाच्या उत्पादनावर प्रबंध लिहून पहिल्या वर्गात पास झाली. मला पेढे देऊन गेली. बायांना दिलेलं वचन तिनं पाळलं, कुणाला काहीच कळलं नाही. दवाखान्याला मात्र कळायला हवं होतं; तिकडची रक्ततपासणी राहूनच गेली, आणि त्या लेकरांच्या आठवणीनं अजूनही जीव तुटतो.