हुंकाराला कोण बसलंय?

तानाजी भोईर भर दुपारी बंद घरात एकटेच कोणाला तरी "हं... हं..." करत असतात, ही बातमी मानपाड्याच्या त्या बिल्डिंगीत लिफ्टच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचली. पोचवली अर्थात समोरच्या मायाने. तिने दाराला कान लावला नव्हता. दारच कानाला लागलं, असं तिचं म्हणणं.

"शेवंतीकाकू तिकडे मुलाकडे राहून नात सांभाळतात, आणि काका इकडे कोणाला हो हो करतात?" तिने तानाजींना जिन्यातच गाठलं. "आमच्या ह्यांच्या तोंडून लग्नापासून एवढे होकार निघाले नाहीत हो!"

"गोष्ट ऐकतो गं," तानाजी म्हणाले. "विमानांची."

विमानांची म्हणजे अवकाशयानांची. तानाजींचा जन्म गेला रंगाच्या कंपनीत बॉयलरपुढे. रिटायर झाल्यावर पेपर वाचला की डोळ्यांतून पाणी येई, म्हणून ऋतुराजने, त्यांच्या मुलाने, फोनमध्ये एक भलीमोठी कादंबरी घालून दिली आणि सोबत छोटा स्पीकर. कोणी बाई ती वाचून दाखवायची. एक सूर्य विझतो, त्याची माणसं हजार यानांत बसून नव्या पृथ्वीच्या शोधात निघतात. सगळे बर्फाच्या पेट्यांत झोपलेले. जागी फक्त कप्तान अरुंधती आणि तिची चार माणसं. तिच्या इंजिनाचं वर्णन आलं की तानाजी हमखास म्हणत, "एवढ्या प्रेशरला व्हॉल्व्ह उडेल, बाई." आणि बाकी वेळ "हं."

त्याला कारण होतं. खडवलीला त्यांचे आबा गोष्ट सांगायचे तेव्हा समोरच्याने हुंकार द्यायचा, असा नियम. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आणि माणसाने नाही दिला, तर देणारे दुसरे असतात, असं आबा म्हणायचे. ते एकदा हुंकाराला बसले की गोष्ट पुरी झाल्याशिवाय उठत नाहीत. म्हणून गोष्ट कधी अर्धी टाकायची नाही.

आता यंत्राला काय हुंकाराचं? पण सवय ती सवय. तानाजींनी यंत्राला सांगणाऱ्याचा मान दिला. सांगणारा आला म्हटल्यावर ऐकणारे येणारच.

एका शुक्रवारी, कंपन्यांना आठवड्याची सुट्टी आणि वीजही गेलेली, पंखा थांबला. बाहेर कुत्रंही हलत नव्हतं. खुर्चीत तानाजींचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाई सांगत होती, "यानापुढे आता एकही तारा उरला नव्हता." ती श्वास घ्यायला थांबली.

"हं," स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडून आलं.

तानाजींना वाटलं, आपणच झोपेत केलं. त्यांनी तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. बाईने पुढचं वाक्य सांगितलं.

"हं."

त्यांनी गोष्ट बंद केली. "कोण आहे?" काही नाही. फक्त टाकीत पाणी ठिबकत होतं. पुन्हा लावली, पुन्हा हुंकार. अंगावरचा बनियन घामाने चिकटला, पण तानाजी उठले नाहीत. अर्धी टाकायची कशी?

मग रोजच दुपारी दोघं बसू लागले, असंच म्हणायला हवं. हुंकार खालून यायचा, उंबऱ्यावर मूल मांडी घालून बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल तिथून. आणि हुंकाराच्या आधी एक बारीक सुरसुर. नाक ओढल्याची.

ते नाक ओळखीचं आहे, हे तानाजींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

धोंडिबा, त्यांचा मोठा भाऊ. बारा महिने सर्दी. आबांच्या गोष्टीला तोच हुंकाराला बसायचा, तानाजी आपले त्याला टेकून. काविळीने गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि आबांची समुद्रापलीकडे गेलेल्या राजाची गोष्ट अर्धीच राहिली होती. आबांनी पुन्हा कधी कोणाला गोष्ट सांगितली नाही. धोंडिबा आज असता तर नातवंडं खेळवत असता. हुंकार मात्र नऊ वर्षांचाच होता.

इकडे बायकोचे, शेवंतीचे, फोन.

"अहो, दसऱ्याला भाडेकरू येतायत, रांगतं बाळ आहे त्यांचं. सामान बांधलंत का?"

"गोष्ट संपली की येतो."

"जळ्ळी मेली ती गोष्ट! तुमच्या विमानाला ब्रेक नाहीत का? माझे गुडघे गेले हो शिवानीच्या मागे धावून. ऋतुराज, विनिता दिवसभर ऑफिसात. बोलायला माणूस नाही मला."

तानाजी काय सांगणार? की उंबऱ्यावर कोणी बसलंय, आणि गोष्ट अर्धी टाकून आलो तर तो तिथेच बसून राहील, आणि परक्याचं बाळ रांगत रांगत नेमकं तिथेच जाईल? त्यांनी जेवण, झोप, सगळं सोडून गोष्ट लावून धरली.

अखेर दसरा दोन दिवसांवर आला. अरुंधतीचं यान निळ्या पृथ्वीवर उतरलं. यानाच्या दाराची कडी हलली. आणि तुताऱ्या वाजल्या नि बाई म्हणाली, "पहिला खंड समाप्त."

तानाजींनी लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ऋतुराजला फोन लावला. "अरे, पुढचं कुठाय?"

"यायचंय, बाबा. सात खंड आहेत म्हणे. येतील पाच-दहा वर्षांत."

फोन ठेवला. मग उंबऱ्यावर नाक ओढलं गेलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शब्द आला.

"मंग?"

तानाजींनी स्पीकर बंद केला, कण्हत कण्हत खाली फरशीवर बसले, उंबऱ्याकडे तोंड करून. आवाज निघाला तो खडवलीचा.

"मंग काय... दार उघडला."

"हं."

"बाहेर बघतात तर नदी. आपल्या भातसासारखी. काठाला भात कापायला आलेला."

"हं."

गोष्ट चालू लागली. बोलता बोलता तानाजींच्या ध्यानात आलं की ती आपल्या हातात आहे. यान पुन्हा उडवायचं. आणखी एक सूर्य विझवायचा. भाऊ बसेल इथेच, जन्मभर. एवढं कोणी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. फोन थरथरत होता, त्यावर शेवंतीचं नाव. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं.

"मंग अरुंधतीनं एकेक पेटी उघडली," ते हळू म्हणाले. "पोरा जागी झाली. आया काठावर उभ्याच होत्या. ज्यानं त्यानं आपला पोर वलखला नि घरी नेला. शेवटच्या पेटीत होता त्याला पण नेला. बाहेर कोन कोन नाय राहिला."

"हं," अगदी बारीक.

"सरली गोष्ट. सांगणारा मोकळा, ऐकणारा मोकळा. जा आता."

नाक ओढल्याचा आवाज आला नाही. तानाजी थांबले. टाकी ठिबकली. मग त्यांनीच, न राहवून, रिकाम्या उंबऱ्याला विचारलं, "मंग?"

कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो लागला. कुलूप घालताना माया आलीच. "काका, शेवटच्या दिवशीपण केवढं हो हो करत होता! आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं."

"काल मी सांगत होतो गं," तानाजी म्हणाले. "हुंकार माझा नव्हता."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि पिशवी घेऊन जिना उतरले.

माया दारातच उभी राहिली. ही बातमी तेवढी तिने कोणाला सांगितली नाही. म्हणजे, चार दिवस तरी.