पंचामृत प्यालेली रायफल

मेजरला कुठलंही काम दुसऱ्याकडून करून घ्यायची लाज वाटायची. नळ गळू दे, हीटर बंद पडू दे, "त्यात काय एवढं? ग्रँड होईल!" असं इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणत तो पेचकस घेऊन बसायचा आणि उठेपर्यंत त्या वस्तूचे बारा वाजलेले असायचे. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच की नागपूरला कॉलेजात असताना तो एनसीसीत होता. हे तो कुणालाही ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगायचा, म्हणून तो मेजर. स्वोर्ड्स गावातल्या घरात आम्ही दोघंच भाडेकरू होतो. मी खालच्या खोलीत, तो वरच्या.

त्याच्याकडे नेमबाजीची रायफल होती. रीतसर परवाना, भिंतीत ठोकलेली पोलादी तिजोरी, सगळं चोख. त्याच्या नादाने मीही क्लबात नाव घातलं होतं. रायफलवर त्याचं प्रेम इतकं, की स्वतःचा टॉवेल महिनोन्महिने न धुणारा हा माणूस तिला रोज फडक्याने पुसायचा.

दोन हजार वीसच्या खंडेनवमीला लॉकडाऊनमुळे क्लब बंदच होता. मेजरने ओट्यावर पाट मांडला, त्यावर रायफल ठेवली, हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक. मग या पठ्ठ्याने तिला पंचामृताचा अभिषेक केला. "अरे, आत जाईल ते!" मी ओरडले. "देवाचं आहे, काही होत नाही," तो म्हणाला. वरवर पुसून त्याने ती तिजोरीत ठेवली आणि पाच आठवडे उघडलीच नाही. एवढ्या प्रेमाच्या माणसाला तेव्हा नेमका थंडीत तिजोरी उघडून ती पुसायचा कंटाळा आला होता.

डिसेंबरात तिजोरी उघडली तेव्हा घरभर नासक्या दह्याचा वास सुटला. शी! नळीतून त्याने चिंधी ओढली ती तपकिरी, बुळबुळीत, वर मधाची तार. आतून नळी गंजाने खाल्ली होती. क्लबातले लोक अशा कामाला ड्रोहेडाजवळच्या एका कारागिराकडे जायचे. मी म्हटलं, त्याला दे. मेजर लालेलाल झाला. "त्याला काय सांगू? बंदुकीत दही घातलं म्हणून?"

तेवढ्या लाजेपायी त्याने नळी घरी बदलायचं ठरवलं. जन्मात कधी केलं नव्हतं. कागदपत्रं करून नवी नळी मागवली आणि जेवायच्या टेबलावर कारखाना उघडला. जुनी नळी निघेना म्हणून, गारठून आकसेल या हिशोबाने, ती फ्रीजरमध्ये ठेवली, माझ्या पोळ्यांच्या पाकिटावर! काळ्या चिंध्या सिंकमध्ये, ग्रीस माझ्या लाटण्याला. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शेवटी नवी नळी बसली. नीट बसली की नाही हे तपासायचं एक मापक असतं, ते त्याच्याकडे नव्हतं. "डोळ्यांना दिसतंय ना, ग्रँड आहे."

त्याच सुमारास मला कोविड झाला. चौदा दिवस मेजरने माझ्या दाराबाहेर ताट ठेवलं. वरणाला लसणाची फोडणी, आणि रोज दाराआडून, "ताप किती गं?" त्या चौदा दिवसांमुळे मी पोळ्यांचंही विसरले, हा माझा मूर्खपणा.

मे महिन्यात क्लब उघडला. मैदानावर पोचल्यावर त्याने रायफल माझ्या हातात दिली. "नव्या नळीची पहिली गोळी तू मार. मान तुझा." खोटं कशाला बोलू, मला तो मान खराच वाटला. मी आडवी झाले, दस्ता खांद्याला लावला.

तेवढ्यात तिथले देखरेख करणारे म्हातारे गृहस्थ आले. नवी नळी पाहून त्यांनी विचारलं, "कुणी बसवली?" मेजर म्हणाला, "मीच, घरी." म्हाताऱ्यांनी रायफल माझ्याकडून घेतली, खिशातून पोलादी मापक काढून आत सारलं आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागची खिटी, पुढे ढकलला. नळी नीट बसली असती तर तो बंद व्हायला नको होता. सहज बंद झाला. "काडतूस मागून फुटलं असतं, पोरी," ते मला म्हणाले. "तुझ्या डोळ्यांवर." मेजरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "तू स्वतः का नाही मारलीस पहिली गोळी?"

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "भीती वाटली गं. काय आहे, मी घरी एकुलता एक आहे."

"मीही एकुलती एक आहे, मेजर."

"असं?" त्याला खरंच नवल वाटलं. "कधी बोलली नाहीस."

दोन वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. त्या क्षणी मला त्याची जी किळस आली, ती त्या नळीचीही आली नव्हती. महिनाभरात मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सँडीफोर्डला खोली घेतली. नंतर त्याचे चार फोन आले, मी एकही उचलला नाही. तरी परवा हीटर बंद पडला तेव्हा माझ्या तोंडून आधी 'मेजर!' अशीच हाक निघाली. मग स्वतःचाच इतका राग आला की सांगता सोय नाही.