हिरवे धागे, लाल धागे

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कोणाबद्दल लिहावं एवढी मी काही मोठी नाही, म्हणून आधीच माफी मागते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका पेशी वाढवायचे. डबा एकटेच, खिडकीपाशी उभ्यानं खायचे. पेशींवर औषध टाकण्याआधी हळूच म्हणायचे, "माफ करजो बाप्पा."

त्या औषधानं पेशीतल्या सूक्ष्मनलिका तुटतात. रंगवल्यावर त्या हिरव्या धाग्यांसारख्या दिसतात. त्या तुटल्या की पेशीतल्याच ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे लाल रंगवलेले धागे जाड होतात आणि पेशी आवळली जाते.

"हिरवे तोडले, तं लाल काऊन आवळतात?" काका दरवर्षी नव्या पोरांना विचारायचे. "हिरव्यायनं काहीतरी धरून ठेवलं असन. ते सुटत असन."

"काका, पीएचडी करून राह्यले का?" कोणीतरी म्हणायचं, आणि सगळे हसायचे. मीही हसले होते. काका काचा पुसायला लागायचे.

यंदा ते निवृत्त झाले. परवा मी प्रयोगशाळेच्या कपाटातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. सूक्ष्मनलिका तुटल्या की त्यांना चिकटलेलं एक प्रथिन मोकळं होतं, आणि तेच ॲक्टिनला आवळायला लावतं, असं त्यात सरळ लिहिलं होतं. त्या पुस्तकावरची धूळ काकाच पुसायचे.

रविवारी नालवाडीला त्यांच्या खोलीवर जाऊन मी ते पान मराठीत सांगितलं.

"हे लोकायले आधीच माहीत होतं?"

"हो काका. पुस्तक जुनं आहे."

"मंग मले काऊन नाई सांगतलं कोणी?"