चौथ्या गाठीपाशी

आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांनी मला फसवलं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, बनवण्यात माझा जन्म गेला. लाकूडवाल्यांपासून दलालांपर्यंत कुणाला जमलं नाही, ते या निवृत्त, मवाळ माणसानं केलं. रेघेला एवढा जीव लावणारा माणूस दुसरा झाला नसेल. जेवायला बोलवावं, तर तांबड्या रश्श्यावरचा तवंग कसा वळतो ते बघत बसायचे, रस्सा गार.

पहिल्यांदा कारखान्यात आले ते हेच म्हणत, "मालक, मनासारखं पान मिळंना झालंय." मी टपरीवरून मसाला पान मागवलं. त्यांनी ते निवांत खाल्लं आणि मग सांगितलं, की त्यांच्या गणितात रेघेला पान म्हणतात. पटलावर, म्हणजे एका पृष्ठभागावर, जागोजागी दिशा ठरलेली असते. बोट ठेवायचं आणि दिशेमागं जायचं, की रेघ होते. बहुतेक रेघा भरकटतात. एखादीच समीकरणात मावणाऱ्या वक्रावरून चालते आणि तो वक्र कधीच सोडत नाही. अशा पुरेशा सापडल्या, की सगळ्या पटलाचं कोडं सुटतं.

बोलता बोलता त्यांचा हात माझ्या टाकाऊ सागवानी फळीवर फिरत होता. गाठींना वळसे घालत रेषा वाहत होत्या. "ही नुसती सावली हाय. दिशा जिथं ठरतच न्हाय, ती आमची गाठ. माझं मैदान याच्या दुप्पट मितींचं." गाठाळ फळ्या मी आयुष्यभर भिरकावल्या होत्या. त्या दिवशी ती फळी मी उचलून उजेडात धरली.

"गाठी बघून रेघ किती मोठी ते कळतंय का?" मी विचारलं.

"सरळ गाठी असल्या तर कळतंय. काही लबाड असत्यात. दोन फळ्यांच्या गाठी हुबेहूब, पण एकीवरची रेघ एवढीशी, दुसरीवरची कितीबी मोठी."

"मग भरवसा कशाचा धरायचा?"

"त्येच शोधतोय की. तुमचा कारखाना नव्हता तवापास्नं."

माझं डोकं फिरलं. "तेवढ्यात मी तीन शेड उभारल्या, सर."

"व्हय. माझी एक रेघ बी पुरी न्हाय."

फुकट मी काही देत नाही. सौदा ठरला: फळी त्यांची, उत्तर आधी मला. त्यांनी हातावर हात मारला.

गेल्या थंडीत सर गेले. त्यांच्या मुलीनं फळी आणून दिली. "बाबा म्हणालेत, मालकांची हाय." तीन गाठींना वळसा घालून आलेली पेन्सिलची रेघ चौथीपाशी थांबली आहे. आता कारागीर हसतात, पण गाठाळ फळी मी टाकू देत नाही.

माल परत आला म्हणून सौदा मिटत नाही. चौथी गाठ सरळ की लबाड, हे मला कुणीतरी सांगायला हवं. सर नाहीत, तर कुणी सांगायचं?