फणसाच्या खांबाला गेलेली भेग

बेंगळुरूच्या बसवनगुडीत बिंदुमाधव सुताराचा हात लागलेला देव्हारा घरात असणं ही मिरवायची गोष्ट होती. माणूस अबोल, पण कारागिरी बोलकी. १९९४ साली इंदिरानगरात राहणारा पुण्याचा शिल्पकार उल्हास चार चित्रं घेऊन त्याच्याकडे आला. त्यावरून बिंदुमाधवानं सहा महिने खपून शिसवीचे नऊ खांब कोरले. प्रदर्शन गाजलं. वर्तमानपत्रात उल्हासची मुलाखत आली, "यातला एकूण एक घाव माझ्या हातचा आहे."

बिंदुमाधव जाब विचारायला गेला, तर उल्हास हसला. "अण्णा, छिन्नीचं नाव कोणी छापतं का?"

ते वाक्य बिंदुमाधवाच्या काळजात रुतून बसलं.

दोन वर्षांनी उल्हासच परत आला. नवं मांडणशिल्प करायचं होतं. एकमेकांवर रेललेले अकरा उंच खांब, तेही पिवळ्याधमक फणसाचे. "सरी, करतो," एवढंच बिंदुमाधव म्हणाला. त्यानं नुकतंच तोडलेलं लाकूड आणलं, वाळवलं नाही, आणि तडे जाऊ नयेत म्हणून काढून टाकतात तो गाभा मुद्दाम आतच ठेवला.

त्याची थोरली बहीण अंबुबाई वास घेऊन म्हणाली, "ओलं आहे की रे हे. फाटेल."

"फाटू दे, अक्का. चारचौघांत फाटू दे."

उद्घाटनाच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. मधला खांब वरपासून खालपर्यंत तडकला होता. भेगेत बोट जाईल एवढा. आता उल्हासचं तोंड बघायचं! पण कलासमीक्षक प्रतिमाबाई भेगेपुढे उभ्या राहून लोकांना सांगत होत्या, "इथे आकार आणि लाकूड एकमेकांशी झगडताहेत. घर सुटलेल्या माणसाची ही जखम आहे." टाळ्या पडल्या. उल्हासनं हात जोडले. "ही भेग कित्येक महिने माझ्या मनात होती."

बिंदुमाधवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दी सारत तो पुढे आला.

"बाई, जखम नाही, ओलं लाकूड आहे. मी मुद्दाम घातलंय. खांब यांनी कोरले असतील तर विचारा, आता पुढचा कोणता फाटेल?"

उल्हासनं प्रतिमाबाईंकडे पाहिलं. बिंदुमाधवानं एकेका खांबावर बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला आणि चौथ्यावर तळवा ठेवला. "हा. आठवड्याच्या आत."

पाचव्या दिवशी चौथा खांब फाटला. प्रतिमाबाईंनी सगळं नावानिशी छापलं. उल्हासची पुढची दोन प्रदर्शनं रद्द झाली आणि त्यानं बेंगळुरू सोडलं. ती बातमी बिंदुमाधवानं तीनदा वाचली. जेवण गोड लागलं.

पण प्रतिमाबाईंच्या लेखात ओल्या लाकडाचीही गोष्ट होती. जे. पी. नगरातल्या गिऱ्हाइकानं दरवाजाचं काम काढून घेतलं. "आमच्यावर रागावलात तर?" असं त्यानं तोंडावर विचारलं. पुढची दोन वर्षं बिंदुमाधव मोडक्या खुर्च्या सांधत राहिला. उल्हासबद्दल त्याला कधीच वाईट वाटलं नाही. अक्कानं मात्र एकदा विचारलं, "त्यानं केलं ते केलं. पण लाकडानं तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

तेव्हा त्यानं मान वर केली नाही.