भट्टीचा पहिला घास

वितळलेली काच भट्टीचा तळ फोडून तळघरात आली तेव्हा माझी मुलगी तिथेच उभी होती.

सकाळचे साडेदहा झाले असतील. मी वरच्या शेडमध्ये बेल्टवर फुटक्या बाटल्या निवडत होते. आधी आवाज आला नाही. तळघराच्या जिन्यातून उजेड वर आला, डोळ्यांत खुपणारा. मग पोरीची हाक आली, "चाचा, पानी मार, पानी!" आणि मग धडाका झाला. पत्रे हलले. बेल्टवरच्या बाटल्या उडून आमच्या अंगावर पडल्या.

मी पळाले. जिन्याच्या तोंडाशी बेल्टवरच्या दोघीजणींनी मला मागून धरलं. एकीच्या मनगटाला मी कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी तिने सोडलं नाही.

"चाव तुला चावायचा तेवढा," ती ओरडली. "खाली नाय सोडायची."

तिथून खालचं सगळं दिसत होतं. भट्टीच्या पोटातून काच लोंबत होती. आधी दोरीएवढी, मग मांडीएवढी. जमिनीवर पडून ती सावकाश पसरत होती आणि जिथे पोचेल तिथे पेटवत होती. रबर पेटलं, केबल पेटली, कोणाची तरी चप्पल पेटली. चाचा समोर उभा राहून पाण्याचा पाइप मारत होता. हा आमचा जुना भट्टीवाला, पनवेलचाच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण सगळ्यांचा चाचा. गळतीवर पाणी मारून काच थिजवायची, एवढाच उपाय असतो. साहेब, म्हणजे भट्टीचे इंजिनिअर, वाकून पाण्याचा कॉक फिरवत होते. आणि माझी मुलगी पलीकडच्या भिंतीला, विजेच्या पेटीपाशी. तिच्या आणि जिन्याच्या मध्ये काच.

दुसरा धडाका पहिल्यापेक्षा मोठा होता. मारलेलं पाणी खड्ड्यात साठलं होतं आणि त्याच्यावर काच चढली. कोंडलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती काच फोडून निघते. ती फुटलेली काच चाचाच्या तोंडावर, छातीवर बसली. तो खाली पडला नाही. पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. त्याची दाढी जळत होती.

हे कशामुळे झालं ते मला तिथेच, जिन्यावर कळलं होतं. चौकशी करणाऱ्यांना कळायला आठवड्यावर दिवस लागले.

आमची जुनी भट्टी काळ्या तेलावर चालायची. चिमणीतून दिवसभर धूर. गावात दोरीवर वाळत घातलेलं धुणं काळं होऊन घरात यायचं. म्हातारी माणसं खोकत मरायची आणि आम्ही म्हणायचो, वय झालं होतं. मीही तसंच म्हणायचे. त्याच भट्टीवर माझं घर चालत होतं.

मग कंपनीने ती भट्टी पाडून नवी बांधली. नवी गॅसवर चालायची आणि शिवाय तिला खालून विजेची मदत. तळातून जाड दांडे काचेत घुसवले होते, त्यांतून वीज सोडली की काच आतूनच तापायची. चिमणीला गाळणी बसली. आणि भट्टीत वाळू, सोडा, चुना कमी आणि फुटकी काच जास्त घालायची, असं ठरलं. एकदा वितळलेली काच पुन्हा वितळायला कमी आच लागते. आच कमी म्हणजे धूर कमी. हे मला माझ्या मुलीने समजावलं. मी चौथीपर्यंत शिकले. ती आयटीआय करून त्याच कारखान्यात विजेच्या कामावर लागली होती. तळातले दांडे तिच्याकडे होते.

फुटकी काच वाढली म्हणजे आमचं काम वाढलं. कळंबोलीहून ट्रक यायचे. बाटल्या, खिडक्यांची तावदानं, त्यांत दगड, कपबशांचे तुकडे, झाकणं, तारा. अकरा बायका आणि मी, आम्ही बेल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून काचेशिवाय जे असेल ते उचलायचो. त्या अकरा जणींवर मी मुकादम. माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही, हे मी अभिमानाने सांगायचे.

साहेबांनी नव्या भट्टीच्या पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून सांगितलं, "मावशी, मेटल अजिबात नको. चुंबक फक्त लोखंड पकडतं. तांबं, पितळ, शिसं तुम्हीच पकडायचं. ते काचेत विरघळत नाही, वितळून तळाला बसतं आणि विटा खात खात खाली जातं."

"खाऊन खाऊन किती खाईल?" मी विचारलं.

साहेबांनी जुन्या भट्टीच्या तळाची वीट आणून माझ्या हातात दिली. वाळवीने लाकूड खावं तशी भोकं होती तिला. एका भोकाच्या बुडाशी तांबड्या रंगाचा मणी बसला होता, मुगाएवढा.

मी तो मणी ओळखला आणि वीट साहेबांना परत दिली.

आमच्याकडे खाडीत जाळं टाकलं की पहिला मासा खाडीला परत द्यायचा. माझा बाप द्यायचा, त्याचा बाप द्यायचा. खाडी द्यायची म्हणून आम्ही खायचो. पुढे खाडीवर भराव पडला, मासे गेले, आम्ही कारखान्यात आलो. पण रीत कशी जाणार? जुन्या भट्टीपासूनच, बेल्टवर सोमवारी निवडायला लागलो की पहिलं जे तांबं-पितळ सापडेल ते भट्टीचं. तार असली तर मी ती बोटाला गुंडाळून वळं करायचे, हळदकुंकू लावायचे आणि चाचाकडे द्यायचे. तो ते भट्टीच्या तोंडात टाकायचा. बाकीचा धातू कंपनीच्या लाल डब्यात. त्यातला एक कण आम्ही कधी चोरला नाही. पहिला घास मात्र भट्टीचा.

चाचा वळं बघून हसायचा. "बाय, आणलास का भट्टीचा नाश्ता?"

"तुझ्या धर्मात चालतं का रे ह्ये?"

"भट्टीला कुठला आला धर्म? तिला फक्त भूक."

साहेबांनी धातू नको म्हटलं ते आम्ही ऐकलं होतं. खरंच ऐकलं होतं. त्या दिवसापासून लाल डबा दुप्पट भरायला लागला. पण देवाला दिलेला नारळ कोणी किराण्यात धरत नाही. तसा तो घास आमच्या हिशेबी धातू नव्हताच. आणि मी स्वतःला सांगितलं, जुनी भट्टी ती भोकं घेऊन कितीतरी वर्षं चालली. ही तर नवीकोरी.

एकदा पोरीने मला वळं करताना बघितलं.

"आये, काय करतंस?"

"काय नाय. बोटाला लागलंय, बांधतंय."

"तांब्याच्या तारेनी?"

"तू तुजं दांडं बघ. मला नको शिकवू."

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती गेली. आईशी भांडायला तिला वेळ नव्हता.

मला कोणी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की जुन्या भट्टीचा तळ थंड होता. तिथली काच घट्ट, तांबं तिच्यात पडून राहायचं, हळूहळू कुरतडायचं. नवीचा तळ विजेने तापवलेला. तिथे तेच तांबं भुकेल्यासारखं खात सुटलं. दर सोमवारचं एक वळं. सगळी वितळून उतरत्या तळाशी एकाच जागी गोळा झाली, दांड्याजवळ, आणि वीट आरपार गेली.

आता पुन्हा जिन्यावर येते.

चाचा जळत उभा होता. साहेबांना स्फोटाने भिंतीवर फेकलं होतं, ते कानाला हात लावून रांगत जिन्याकडे येत होते. पोरगी पेटीपाशीच होती. तिला मुख्य खटका पाडायचा होता. तो पडेपर्यंत वीज काचेतून लोखंडात, लोखंडातून पाण्यात उतरत होती आणि साहेब त्याच पाण्यातून रांगत होते. खटका तापला होता. तिने उघड्या हाताने धरला आणि पाडला. तिच्या तळव्याचं कातडं खटक्याला चिकटून राहिलं. ते मी बघितलं.

"ये! ये ना वर!" मी ओरडले.

यायला वाट नव्हती. काच जिन्यापर्यंत आली होती. मग चाचाने पाइप तिच्या वाटेवर वळवला. स्वतःच्या पायाकडे येणाऱ्या काचेवर पाणी मारणं सोडून त्याने तिच्या आणि जिन्याच्या मधली काच थिजवली. वर काळी साय धरली.

"पळ!" तो म्हणाला. तोंड उरलं नव्हतं, तरी ते स्पष्ट ऐकू आलं.

ती त्या सायीवरून पळाली. चार पावलं. तिसऱ्या पावलाला साय फुटली आणि डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिने तो तसाच उपसून बाहेर काढला, बुटासकट, बुटात जे काही होतं त्यासकट. तशीच ती माझ्या अंगावर येऊन पडली. मला धरणाऱ्या दोघींनी मग तिला उचललं. कडेकडेने पायरीशी पोचलेल्या साहेबांनाही ओढून घेतलं. चाचाकडे जायला कोणी खाली उतरलं नाही. मीही नाही. अग्निशमनवाल्यांनी त्याला वर आणलं तेव्हा त्याच्या हाताला चिकटलेला पाइप कापून काढावा लागला.

आठवड्याने चौकशीला लोक आले. कोणीतरी आधीच सांगून टाकलं होतं की चाचा भट्टीच्या तोंडात काहीबाही टाकायचा, लोकांनी बघितलं होतं. बेल्टवरच्या बायका मला संडासाच्या मागे घेऊन गेल्या.

"गप ऱ्हा," एक म्हणाली. "त्याच्यावरच जाऊ दे. त्याला आता काय होणार हाय?"

"नाहीतर आमी अकराजणी घरी बसू," दुसरी म्हणाली.

मी तिथून निघाले. दवाखान्यात गेले. पोरीचा पाय गुडघ्याखाली कापला होता, दोन्ही हात बांधलेले होते. मी तिला सांगितलं, तांबं माझं होतं.

तिने मान माझ्याकडे वळवली.

"चाचाने मला वाट करून दिली," ती म्हणाली. "त्याच्या नावावर घालणार असशील तर परत हितं येऊ नको."

मी चौकशीवाल्यांसमोर गेले आणि सगळं सांगितलं. खाडी, मासा, वळं, सोमवार. त्यांतल्या एकाने लिहिणं थांबवून विचारलं, "पण तुम्हाला मेटल नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग का टाकलंत?"

"मी ते धातूत धरलं नव्हतं."

त्याने ते तसंच लिहिलं. मला कामावरून काढलं. बायकांना ठेवलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत, फक्त ती एक बोलते, जिच्या मनगटावर माझ्या दातांचा डाग आहे.

भट्टीचा तळ पुन्हा बांधला. आता बेल्टवर एक यंत्र बसवलंय. तांब्याची, पितळेची कसलीही तार खालून गेली की ते केकाटतं आणि बेल्ट थांबतो. चिमणीतून धूर दिसत नाही. धुणं पांढरं वाळतं.

त्या सकाळी तळघरात तिघं होती. चाचा तिसऱ्या दिवशी गेला. साहेब वाचले, एका कानाने ऐकू येत नाही. माझी मुलगी वाचली.