दार उशिरा उघडू दे

सारजाबाईला थांबणं ठाऊकच नव्हतं. शेंद्र्याहून भाजी घेऊन शहागंजच्या बाजारात बसायची, अन् गिऱ्हाईक घासाघीस करत उभं राहिलं तर म्हणायची, घ्यायची तर घ्या, नाय तर वाट सोडा. नवऱ्याला, कारभारीला, कावीळ झाली तेव्हाही हीच घाई नडली. सरकारी दवाखान्यात रांग लई, म्हणून गावच्या झाडपाल्यावाल्याकडं नेलं. त्यानं गळ्यात काविळीची माळ घातली, माळ लांबली की कावीळ उतरते म्हणे. माळ लांबत गेली, कावीळ काही उतरंना. दीड महिना गेला, अन् मग शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाच्या डोक्याशी कॅन्सरची गाठ आहे, तिनं पित्ताची वाट दाबलीय. तो दीड महिना बाईच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेतलं.

"आधी दुर्बिणीनं आत बघू. गाठ पसरली नसेल तरच कापू, त्याला सहा-सात तास लागतील. आम्ही तासाभरात बाहेर आलो, तर समजा, काढता आली नाही."

हे तिनं कुणाला सांगितलंच नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? धाकटा दीर सोनाजी बाकावर हात जोडून बसला होता, खंडोबा, लवकर आटपू दे म्हणून. त्याचं तोंड दाबावं असं तिला वाटलं. बस म्हटलं तर बसवंना, चहा तसाच गार झाला. घड्याळाकडं बघायची, ऑपरेशन थेटराच्या दाराकडं बघायची, परत घड्याळाकडं. मेलं ते दार नुसतं वाजलं तरी डोळे गच्च मिटून घ्यायची. जन्मभर सगळ्यांच्या मागं घाईचा लकडा लावणारी बाई त्या दिवशी मिनिटं लांबवा म्हणून देवाला विनवीत होती.

सव्वा तास झाला अन् दार उघडलं.

बाई भिंतीला टेकली. सिस्टर बाहेर आली, कारभारीचे नातेवाईक कोण विचारलं, अन् सोनाजीच्या हातात चिठ्ठी देत म्हणाली, रक्तपेढीतून आणखी दोन बाटल्या आणा. रक्ताचं नाव ऐकताच सोनाजीनं कपाळाला हात लावला अन् रडायलाच लागला.

सारजाबाई पुढं झाली. "कापतायत का हो बाई?"

"मग? आत्ताशी सुरुवात झालीय," सिस्टर म्हणाली अन् आत गेली.

सारजाबाईनं दिराच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली. डोळ्यांतून धारा, अन् तोंडावर हसू. वैनीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच त्याला वाटलं.

"रडू नका, भावजी. कापाया लागलेत," ती म्हणाली. "आता लागू द्या दिवसभर."